भुऱ्याचं आधीचं रक्त

सरांनी भर मीटिंगमध्ये माझ्या हातांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "दोष अँटीबॉडीत नाही, या हातांत आहे." सगळे हसले. सर विनोद करून थांबले की हसायचं असतं, हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम. मी हसले नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बया उगाच फणफणतेय.

झाडाच्या मुळातल्या प्रत्येक पेशीला एक पातळ आवरण असतं. त्या आवरणात काही प्रथिनं बसलेली असतात, बाहेरचा माल आत नेणारी आणि आतला बाहेर काढणारी. हमाल म्हणा. असे हमाल ढिगाने आहेत, पण त्यातले कितीतरी नेमकं काय वाहतात हे कुणालाच माहीत नाही. ठेवण हमालाची, म्हणून हमाल म्हणायचं. पाठीवर साखर आहे की मीठ की जस्त, देव जाणे. आमच्या सरांनी त्यातला एक पकडला. तो मुळाच्या अगदी बाहेरच्या थरात बसतो आणि मातीतलं जस्त आत घेतो, असा त्यांनी पेपर लिहिला आणि लाडाने त्याचं नाव ठेवलं 'द्वारपाल'. त्या पेपरवर सरांना मानसन्मान मिळाला, मोठ्या खिडकीची खोली मिळाली, आणि माणसाला फुगायला जे जे लागतं ते सगळं मिळालं.

तो पेपर ज्या कामावर उभा होता ते काम माझ्या वहिनीचं. दादाची बायको. माझ्या आधी त्याच टेबलावर, त्याच डगमगत्या स्टुलावर ती बसायची. तिची पीएचडी झाली, लग्न होऊन ती आमच्या घरी आली, कॉलेजात शिकवायला लागली, आणि तिनेच मला या प्रयोगशाळेत आणून बसवलं. "सर थोडे तिरसट आहेत," म्हणाली होती, "पण विषय सोन्यासारखा आहे."

आता ही अँटीबॉडी म्हणजे काय प्रकरण ते. प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा तुकडा सशाला टोचायचा. सशाचं शरीर त्या तुकड्याला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. मग सशाचं थोडं रक्त काढायचं, त्यातला पातळ भाग वेगळा करायचा आणि तो झाडाच्या रसावर सोडायचा. अँटीबॉडी आपलं प्रथिन हुडकून त्याला चिकटते, आणि पांढऱ्या पडद्यावर त्या जागी काळी पट्टी उमटते. वहिनीच्या वेळेला दोन ससे होते. तिनेच नावं ठेवली होती, काळ्या आणि भुऱ्या. काळ्या नुसताच खाऊन सुस्त, त्याच्या रक्तात कामाचं काही तयारच झालं नाही. भुऱ्याच्या रक्ताने मात्र झकास पट्टी दिली, आणि त्या पट्टीवर द्वारपाल उभा राहिला.

मी आले तेव्हा नवं बियाणं आलं होतं. या रोपांमध्ये द्वारपालाचं जनुकच मोडलेलं होतं. म्हणजे त्यांच्यात ते प्रथिन तयारच होणार नाही, आणि पट्टीही उमटणार नाही. माझं पहिलं काम सोपं होतं. साध्या रोपात पट्टी दाखवायची, मोडक्या रोपात कोरी जागा दाखवायची आणि पुढे सरकायचं. पट्टी दोन्हीत आली. तशीच्या तशी, ठसठशीत, जणू कुणी शाई लावलीय.

"बी मिसळलंस," सर म्हणाले.

मी पुन्हा पेरलं. प्रत्येक रोपाचं जनुक तपासलं, मोडकंच होतं. पट्टी आली.

"नमुने अदलाबदल केलेस."

पुन्हा केलं. पट्टी आली.

"तुझ्या वहिनीला कधी असं झालं नाही," सर म्हणाले. "काही लोकांना हात असतात, काहींना नुसती बोटं असतात."

दोन वर्षं! दोन वर्षं मी हेच करत होते आणि हेच ऐकत होते. कुणी पाहुणा आला की सर त्याला माझ्या टेबलापाशी आणायचे आणि सांगायचे, "ही आमची न जमणाऱ्या प्रयोगांची शाखा." मग पाहुणाही दात काढायचा. आणि त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये हातांवर बोलून झाल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की पुढच्या आढाव्यात ते समितीला माझं नाव कमी करायला सांगणार आहेत. म्हणजे पीएचडी संपली. आणि नुसती संपली नाही, तर हलगर्जी म्हणून शिक्का मारून संपली. असा शिक्का घेऊन गेलेल्या मुलीला दुसरा कोण दारात उभं करतो? माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, माहीत नाही. मी जिन्याखाली जाऊन भिंतीला दोन लाथा घातल्या. भिंतीला काही झालं नाही.

घरी माझं नाव तोफखाना. दादाने ठेवलेलं. दार आपटून आत आले की तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचा, "आई, कानात बोळे घाल, तोफखाना आला." त्या दिवशीही म्हणाला. मी चप्पल भिरकावली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. आईने "अगंबाई" म्हणून डोक्याला हात लावला.

वहिनी कॉलेजातल्या मुलांचे पेपर तपासत बसली होती. तिने लाल पेन बाजूला ठेवलं, उठून माझ्यासाठी चहा टाकला आणि नेहमीसारखं हळू आवाजात म्हणाली, "हात बसायला वेळ लागतो गं. मलाही लागला होता. आणि नाहीच जमलं तर जग काही बुडत नाही. आमच्या कॉलेजात जागा निघतायत, मी बोलून ठेवते."

मला भरून आलं. खरंच भरून आलं. मला वाटलं, निदान एक माणूस तरी आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला फ्रीझरचा बर्फ काढायला लावला. "बर्फाला काही फरक पडत नाही, हात चांगले असोत की वाईट." पुन्हा सगळ्यांचं खी खी. मी रबरी हातमोजे चढवले आणि दात-ओठ खात खरवडायला लागले. त्या फ्रीझरचा खालचा कप्पा कुणी आजवर नीट रिकामा केला नव्हता. मागच्या कोपऱ्यात बर्फाच्या ढेकळात एक छोटी नळी रुतलेली होती. मी ती पाण्याखाली धरली. झाकणावर किरमिजी रंगाचे दोन ठिपके होते आणि भोवती एक गोल.

हे ठिपके मला माहीत होते. फ्रीझरमध्ये पेनाची शाई पुसली जाते, म्हणून वहिनी नळ्यांवर नेलपॉलिशने खुणा करायची. तिची ती पद्धत अजून प्रयोगशाळेत चालू होती. काळ्याला एक ठिपका, भुऱ्याला दोन. आणि टोचण्याआधी काढलेलं रक्त असेल तर भोवती गोल.

टोचण्याआधीचं रक्त कशाला, तर ससा जन्मभर पालाच खातो. त्याच्या अंगात झाडपाल्याविरुद्धच्या अँटीबॉडी आधीच असू शकतात. म्हणून आधीचं रक्त आणि नंतरचं रक्त, दोन्ही लावून बघायचं. आधीच्यात पट्टी नाही आणि नंतरच्यात आहे, तरच ती पट्टी आपली. आणि हे त्याच सशाचं हवं. आपला ताप आपल्याच कालच्या तापाशी ताडून बघतो, शेजारणीच्या नाही.

मी तशीच ओल्या हातांनी उठले आणि वरच्या कप्प्यातला डबा काढला. तुलनेसाठी म्हणून आम्ही सगळे त्यातलंच आधीचं रक्त वापरत होतो. पेपरमध्येही तेच वापरलं होतं. प्रत्येक झाकणावर गोल होता. आणि प्रत्येक गोलात ठिपका होता एक.

काळ्याचं! आधीचं रक्त काळ्याचं आणि नंतरचं भुऱ्याचं! अख्खी प्रयोगशाळा, सर, त्यांचे ते शहाणे चेले आणि त्यांच्या रांगेत मीसुद्धा, गोल बघत होतो आणि ठिपके कुणी मोजतच नव्हतं. काळ्याचं रक्त कोरं होतं म्हणून भुऱ्याची पट्टी खरी, असा सगळा न्याय. मला तिथेच बर्फाच्या चिखलात बसून हसावंसं वाटलं आणि कुणाच्या तरी मुस्काटात मारावीशी वाटली, दोन्ही एकदम.

त्या नळीत थोडंच रक्त होतं. मी सगळा प्रयोग पहिल्यापासून मांडला, साधं रोप, मोडकं रोप, आणि वर भुऱ्याचं आधीचं रक्त, टोचण्याच्या आधीचं, द्वारपालाचं नावही भुऱ्याने ऐकलं नव्हतं तेव्हाचं. दुपारी पडदा यंत्रात ठेवला आणि स्क्रीनसमोर उभी राहिले. पट्टी आली. दोन्ही रोपांत, त्याच जागी, तशीच ठसठशीत.

म्हणजे भुऱ्याच्या रक्तात ती अँटीबॉडी मुळातच होती. कुठल्याशा भलत्याच प्रथिनाला ती चिकटत होती, फक्त त्याचं वजन द्वारपालाएवढं होतं, आणि पट्टीची जागा वजनावरच ठरते. सर जो द्वारपाल म्हणून जगाला दाखवत होते, तो द्वारपाल नव्हताच. खरा कुठे बसतो, काय वाहतो, काही वाहतो की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. आणि माझे हात ठणठणीत होते.

मी पडद्याचा फोटो घेऊन तडक घरी गेले. आधी वहिनीला सांगायचं, असंच माझ्या मनात होतं. तिलाही धक्का बसेल, ती बिचारी हादरेल, मग आम्ही दोघी मिळून काय ते ठरवू. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. मी म्हटलं, "वहिनी, भुऱ्याच्या आधीच्या रक्ताची नळी सापडली."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. ती म्हणाली, "कुठे मिळाली तुला?"

नीट ऐका. 'कसली नळी' नाही. 'मग काय' नाही. कुठे मिळाली!

मला समजायला एक क्षण लागला, आणि समजलं तेव्हा माझा आवाजच फुटेना. मी, तोफखाना! "तुला माहीत होतं?" एवढंच कसंबसं बाहेर आलं.

"एकदाच लावून बघितलं होतं," ती भांड्याकडे बघत म्हणाली. "पट्टी आली. मी सरांना दाखवली. सर म्हणाले, नळीत काहीतरी भेसळ झालीय, टाकून दे, काळ्याचं वापर. टाकायला मन झालं नाही म्हणून मागे सारून ठेवली."

"आणि मी? मी दोन वर्षं त्या माणसाचे जोडे खातेय ते तू रोज ऐकतेयस! इथे बसून! चहा पाजतेयस मला! हात बसायला वेळ लागतो म्हणतेयस!"

"ओरडू नकोस."

"मी ओरडणारच!"

दादा धावत आला, मागून आई. मी सगळं सांगितलं, निम्मं त्यांना कळलं नाही, पण वहिनीचा चेहरा सगळ्यांनाच कळला. दादा माझ्यावरच खेकसला, "तिचं कॉलेजात कायम व्हायचं चाललंय, आत्ता या भानगडी उकरून काढायच्या आहेत का तुला?" आई म्हणाली, "घरातलं घरात मिटवा गं." म्हणजे मी माझं वाटोळं मुकाट्याने करून घ्यायचं, आणि घराची शांतता टिकली म्हणून समाधान मानायचं. मी आईला विचारलं, "मी कुठल्या घरातली?" तिने तोंड फिरवलं.

वहिनी माझ्या मागोमाग खोलीत आली. "माझं नाव नको घेऊस," म्हणाली. "तुझं काय ते तू दाखव, पण मला ओढू नकोस. माझी अख्खी पीएचडी त्या पट्टीवर आहे." मी तिच्या तोंडावर दार लावलं.

आढाव्याच्या दिवशी समितीच्या खोलीत गेले तर वहिनी तिथे बसलेली. सरांनीच बोलावलं होतं. जुनी हुशार विद्यार्थिनी, नमुना म्हणून. म्हणजे मी कुठे कमी पडले ते दाखवायला माझ्याच घरचं माणूस! समितीत तिघं होती: सर, सरांची री ओढणारे विभागप्रमुख, आणि बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या एक बाई, बारीक चणीच्या, सारखा चष्मा पुसणाऱ्या.

मी फोटो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला आणि काय केलं ते सांगितलं. एकही शब्द वाकडा बोलले नाही, जीभ दातांखाली धरून बोलले. संपल्यावर सर खुर्चीत मागे रेलले.

"बघितलंत?" ते त्या बाईंना म्हणाले. "फ्रीझरच्या चिखलातून एक नळी उचलली, त्यात काय आहे माहीत नाही, कुणी भरली माहीत नाही, आणि त्यावरून आमचा पेपर खोटा. स्वतःला काम जमलं नाही की लोकांच्या कामावर खापर फोडायचं. नेलपॉलिश काय, बाजारात मिळतं. उद्या हीसुद्धा ठिपके काढेल."

विभागप्रमुखांनी मान डोलावली. मी टेबलाची कड घट्ट धरली. काही म्हणायला उरलंच नव्हतं. नळीतलं रक्त संपलं होतं आणि माझ्या शब्दाला तिथे कवडीची किंमत नव्हती.

बाहेरच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "या खुणा कुणाच्या पद्धतीच्या आहेत?"

"माझ्या," वहिनी म्हणाली.

"मग सोपं आहे. ही नळी तुम्ही भरली होती का?"

मी वहिनीकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिला वाटलं असतं मी विनवणी करतेय, आणि तेवढं माझ्याच्याने होणार नव्हतं. मी खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. सर हसून म्हणाले, "तिला आता काय आठवणार, इतकी वर्षं झाली."

"आठवतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की विभागप्रमुख पुढे वाकले. "मीच भरली. भुऱ्याचंच आहे, टोचण्याच्या आधीचं. पट्टी तेव्हाही आली होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" सर कडाडले.

"सांगितलं होतं, सर. तुम्हालाच."

पुढचं फार रंगवून सांगत नाही. सरांचा चेहरा बघून मला गार वाटलं, हे कबूल करते. बाईंनी पेपर मागे घेण्याबद्दल लेखी खुलासा मागितला. माझ्या कामात काही खोट नाही असं त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि तसं लिहूनही घेतलं. मला दुसरे गाईड मिळणार होते. विषय मात्र पहिल्यापासून, कारण अँटीबॉडी गेली म्हणजे तिच्यावर केलेलं सगळंच गेलं. वहिनीच्या पदवीचं आणि नोकरीचं काय, ते कुणी बोललं नाही, पण सर बाहेर पडताना तिला म्हणाले, "प्रयोग तू केले होतेस, हे विसरू नकोस." सगळं लोढणं तिच्या गळ्यात घालून मोकळा झाला माणूस.

वहिनी जिन्यात थांबली होती. तिचे डोळे सुजले होते. दोन पायऱ्या वर मी उभी राहिले. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि मला तिचा भयंकर राग आला होता. त्यातला रागच आधी बोलला.

"आज बोललीस ते ठीक. पण दोन वर्षं का नाही? एकदा मला एकटीला कानात सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी कुणाला बोलले नसते. निदान माझे हात तरी मला वाईट वाटले नसते."

कठड्यावरची धूळ बोटाने पुसत ती म्हणाली, "खरं सांगू? मला वाटत होतं, तू कंटाळशील आणि सोडून देशील. मग काही सांगायलाच लागणार नाही. म्हणून तर मी कॉलेजातल्या जागेचं बोलत होते."

म्हणजे चहा त्यासाठी. हळू आवाज त्यासाठी. जग काही बुडत नाही, ते त्यासाठी. ही बाई माझ्या समोर बसून मी मोडायची वाट बघत होती, आणि मायेनेच बघत होती, हे त्यातलं सगळ्यात घाण. मी तिला वाटेल ते बोलणार होते. तोंड उघडलंसुद्धा.

पण तिचा अंदाज बरोबर होता. फ्रीझर साफ करायला बसले त्याच सकाळी मी तिच्या कॉलेजाचा अर्ज भरून बॅगेत ठेवला होता. समितीने काढायच्या आत आपणच जावं, असं ठरवून. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच.

मी तिच्या शेजारून खाली उतरले आणि फाटकाबाहेर आले. ती माझ्या मागून येत होती, तिच्या चपलांचा आवाज येत होता. मी थांबले नाही. सरांवरचा राग मला पुरून उरेल इतका आहे, पण तो परक्या माणसावरचा राग. माझ्याच घरातल्या माणसाने मला इतकं नेमकं ओळखावं आणि त्याचा असा उपयोग करावा, याचा जो राग आला तो मी कुणावर काढू, ते मला अजून कळलेलं नाही.